आधी नाव, मग पासपोर्ट, मग तिकीट : परदेश सहलीची परवानगी सीमाभागातून किती आधी मागावी?

खटकचिंचोळी (ता. भालकी) : दुबई, थायलंड, सिंगापूर ही नावं आता भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागातल्या घरांतही सहज ऐकू येतात. कुणाचा मुलगा पुण्यात नोकरीला, कुणाची लेक हैदराबादला, कुणाचा भाऊ आखातात. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत "आई-बाबांना एकदा विमानानं फिरवून आणू" असं ठरतं, ऑनलाइन ऑफर दिसते आणि तिकीट काढलं जातं. कागदांची आठवण त्यानंतर येते. अडचण सुरू होते ती तिथेच.

समजा, खटकचिंचोळीच्या एका शेतकरी जोडप्याला मुलानं दुबईला न्यायचं ठरवलं. वडिलांच्या आधार कार्डावर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, बँकेच्या पासबुकावर तिसरं. आईचं माहेर उदगीरचं, त्यामुळे तिचा शाळेचा दाखला महाराष्ट्रातला मराठीत, आधार कर्नाटकातलं कन्नड-इंग्रजीत. तिकीट परत न मिळणारं. हातात पाच आठवडे. आता व्हिसाचा फॉर्म भरायला एक तास पुरतो, पण फॉर्ममध्ये लिहायचं नाव कोणतं हे ठरवायला आणि ते सगळ्या कागदांवर सारखं करायला पाच आठवडे पुरत नाहीत.

परदेश सहलीसाठी अर्ज लवकर करा, असं सगळेच सांगतात. पण लवकर म्हणजे नेमकं किती, आणि पहिला अर्ज कोणता? सीमाभागातल्या माणसासाठी याचं उत्तर मुंबई-बेंगळुरूच्या माणसापेक्षा थोडं वेगळं आहे. आपला वेळ व्हिसात कमी आणि नावात जास्त जातो.

परवानगी म्हणजे काय काय?

सगळ्याच कागदाला लोक सरसकट "व्हिसा" म्हणतात. खरं तर चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला, नेहमीचा व्हिसा. यात अर्ज, कागदपत्रं, बहुतेक वेळा बोटांचे ठसे आणि काही देशांसाठी मुलाखत असते. युरोपातील शेंगेन देश, ब्रिटन, अमेरिका यांचा व्हिसा या प्रकारातला.

दुसरा, ई-व्हिसा. अर्ज घरबसल्या होतो, मंजुरी ईमेलवर येते. व्हिएतनाम हे त्याचं ओळखीचं उदाहरण. १५ ऑगस्ट २०२३ पासून त्या देशाचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळू लागला.

तिसरा, इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी, म्हणजेच ईटीए. निघण्यापूर्वी ऑनलाइन माहिती द्यायची आणि होकार मिळवायचा. ऑस्ट्रेलियानं १९९६ मध्ये ही पद्धत आणली, अमेरिकेची 'एस्टा' जानेवारी २००९ पासून सक्तीची झाली, ब्रिटननं २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं सुरू केली. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. अमेरिकेची एस्टा आणि ब्रिटनची ईटीए भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी नाहीच. ज्यांना त्या देशांत व्हिसा लागत नाही, त्यांच्यासाठी ती आहे. आपल्याला तिथे पूर्ण व्हिसाच काढावा लागतो. भारतीयांना उपयोगी पडणारी ईटीए म्हणजे श्रीलंकेची, जी २०१२ पासून चालू आहे, आणि केनियाची, जी जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली.

चौथा, आगमन पत्र. हा व्हिसा नव्हे. विमानतळावर पूर्वी जो कागदी फॉर्म भरायचा, तोच आता मोबाइलवर आधी भरायचा. थायलंडनं १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन पत्र सक्तीचं केलं. मलेशिया आणि सिंगापूरमध्येही तशीच सोय आहे.

हे चार प्रकार वेगळे ओळखता आले, की कुठे महिने मोजायचे आणि कुठे दिवस, ते कळतं.

वेळ खातं ते नाव

बीदर आणि लातूर जिल्ह्यांत एकाच आडनावाची दोन रूपं चालतात. इकडे बिरादार, तिकडे बिराजदार. इंग्रजीत आणखी फाटे फुटतात : सूर्यवंशीत कुणी 'व्ही' लिहितो, कुणी 'डब्ल्यू'. जाधवमधला 'एच' एका दाखल्यावर असतो, दुसऱ्यावर नसतो. गावात याचं कुणाला काही वाटत नाही. पण विमान कंपनीचा आणि दूतावासाचा संगणक अक्षर बघतो, भावकी बघत नाही.

त्यात नाव लिहिण्याच्या दोन रीती एकत्र येतात. मराठी रीतीत स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कर्नाटकातल्या बऱ्याच शालेय कागदांवर स्वतःचं नाव आणि वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, किंवा "अमुक, तंदे तमुक" अशी नोंद. आडनावाचा पत्ताच नसतो. अशा दाखल्यावरून पासपोर्ट काढला तर 'सरनेम'चा रकाना रिकामा राहतो आणि पासपोर्टवर एकच शब्द येतो.

हा एकच शब्द किती महाग पडू शकतो, ते संयुक्त अरब अमिरातीच्या नियमावरून समजतं. पासपोर्टवर नावाचा एकच शब्द असलेल्या प्रवाशांना पर्यटक किंवा भेट-व्हिसावर प्रवेश नाही, असा नियम २१ नोव्हेंबर २०२२ पासून लागू झाला. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं नाव असेल तर काही बाबतीत सवलत असल्याचा खुलासा नंतर झाला, पण तिचा भरवसा धरून कुटुंबाचं तिकीट काढणं शहाणपणाचं नाही. दुबईला जायचं असेल तर नाव आणि आडनाव हे दोन्ही रकाने भरलेले असावेत, हे आधी बघावं.

लग्न झालेल्या बायकांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलतं, कधी पहिलं नावही बदलतं. रेशन कार्डावर सासरचं नाव, दहावीच्या प्रमाणपत्रावर माहेरचं. पासपोर्टसाठी लग्नानंतर नाव बदलणं सक्तीचं नाही. माहेरच्या नावानंही पासपोर्ट मिळतो. मात्र एकदा ठरवलं की तेच नाव आधार, पॅन आणि तिकिटावर हवं. निम्मे कागद माहेरचे आणि निम्मे सासरचे असं चालत नाही.

आधार दुरुस्त करतानाही सांभाळून. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. ग्राम वन केंद्रावर किंवा पलीकडे आपले सरकार सेवा केंद्रावर घाईघाईनं चुकीचं स्पेलिंग टाकलं तर एक संधी वाया जाते. त्यामुळे आधी सगळे कागद टेबलावर मांडावेत, इंग्रजी स्पेलिंग कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठरवावं आणि मगच केंद्रात जावं.

गाव कोणतं, जिल्हा कोणता?

खटकचिंचोळी भालकी तालुक्यात, बीदर जिल्ह्यात. पण नुसतं "चिंचोळी" लिहिलं तर कलबुर्गी जिल्ह्यातला चिंचोळी तालुका डोळ्यासमोर येतो. इंग्रजीत खटकचिंचोळी कुणी एका शब्दात लिहितं, कुणी दोन. पत्ता आणि जन्मस्थळ यांत अशी सरमिसळ झाली की पोलीस पडताळणीचा कागद फिरत राहण्याची शक्यता असते.

जिल्ह्यांची नावंही बदलली आहेत. गुलबर्ग्याचं कलबुर्गी १ नोव्हेंबर २०१४ रोजी झालं. उस्मानाबादचं धाराशिव झालं. ज्यांच्या जुन्या पासपोर्टवर जन्मस्थळ "गुलबर्गा" छापलं आहे, त्यांनी व्हिसाच्या फॉर्ममध्ये तेच लिहावं. आजचं नाव बरोबर असलं तरी फॉर्म पासपोर्टशी जुळवला जातो, नकाशाशी नाही.

घरातल्या वडीलधाऱ्यांचं आणखी एक कोडं असतं. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर जिल्हा हैदराबाद राज्यात होता. राज्य पुनर्रचनेत बीदर, भालकी, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले, उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्याकडे गेले, तर जहिराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात. लातूर जिल्हा तर १९८२ साली उस्मानाबादमधून वेगळा झाला. म्हणजे १९५० साली उदगीरला जन्मलेल्या आजीच्या जुन्या कागदावर जिल्हा बीदर, नंतरच्या कागदावर उस्मानाबाद आणि आजच्या कागदावर लातूर असू शकतो. तिन्ही खरे. पण अर्जात एकच लिहायचा आणि तो पुढे सगळीकडे तसाच ठेवायचा.

पासपोर्ट : कुठे, किती, केव्हा

बीदरला टपाल कार्यालयातलं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. कलबुर्गीतही पासपोर्ट सेवा केंद्र आहे. पलीकडे लातूर आणि सोलापूरच्या वाचकांसाठी त्यांच्या शहरांत टपाल कार्यालयातली केंद्रं आहेत. जून २०१८ मध्ये झालेल्या बदलानंतर देशात कुठूनही अर्ज करता येतो. पण पोलीस पडताळणी होते ती अर्जात दिलेल्या पत्त्यावर. पुण्यात राहणाऱ्या मुलानं खटकचिंचोळीचा पत्ता दिला तर चौकशी खटकचिंचोळी पोलीस ठाण्याकडे येणार. त्या वेळी घराला कुलूप आणि माणसं रानात सोयाबीन काढायला, असं झालं तर तेवढे दिवस वाढले. फोन नंबर चालू हवा आणि घरात कुणीतरी हवं.

प्रौढांच्या ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, ६० पानीची २,००० रुपये. तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. अठरा वर्षांखालच्या मुलांना १,००० रुपये. आठ वर्षांखालची मुलं आणि साठीच्या पुढची मंडळी यांना नव्या पासपोर्टच्या फीमध्ये १० टक्के सूट आहे. यापलीकडे एजंट जे घेतो ते त्याच्या मेहनतीचे. सरकारी फी तेवढीच. तत्काळवरही पूर्ण विसंबून राहू नये. काही प्रकारच्या अर्जांना, विशेषतः नावात मोठा बदल असलेल्यांना, ती सोय मिळत नाही.

जन्माच्या पुराव्याचा नियम फेब्रुवारी २०२५ मध्ये बदलला. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी जन्म दाखलाच लागतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेची टीसी, दहावीचं प्रमाणपत्र, पॅन कार्ड, वाहन परवाना असे पर्याय आहेत. तेव्हा लहान मुलाला सोबत न्यायचं असेल तर जन्म दाखल्यावर बाळाचं नाव लागलं आहे का, आई-वडिलांची नावं त्यांच्या पासपोर्टसारखीच आहेत का, हे पहिल्याच दिवशी तपासा. मुलाच्या पासपोर्टसाठी आई-वडील दोघांच्या सहीचं संमतिपत्र लागतं. वडील आखातात असतील तर त्यांची सही मिळवण्यातच वेळ जातो.

आधीपासून पासपोर्ट असलेल्यांनी त्याची मुदत बघावी. बरेच देश प्रवासाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात. म्हणजे मार्चमध्ये संपणारा पासपोर्ट घेऊन नोव्हेंबरच्या सहलीला निघालात तर अडवले जाऊ शकता. मुदत संपण्याच्या वर्षभर आधीपासून नवा पासपोर्ट मागता येतो. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो हे अनेक जण विसरतात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. ई-व्हिसा किंवा ईटीए पासपोर्टच्या नंबराशी बांधलेली असते. आधी परवानगी काढली आणि मग पासपोर्ट नवा केला, तर नंबर बदलतो आणि जुनी परवानगी बहुधा कामाची राहत नाही. त्यामुळे पासपोर्टचं काम पूर्ण झाल्यावरच पुढचा अर्ज.

लवकर म्हणजे किती लवकर?

प्रत्येक देशाची खिडकी वेगळी. काही ठिकाणी उशीर चालत नाही, काही ठिकाणी फार लवकर अर्ज केलेलाही चालत नाही.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी १५ दिवस आधी अर्ज करता येतो. निर्णय साधारण १५ दिवसांत, पण चौकशी वाढली तर ४५ दिवसांपर्यंत. फी ११ जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो. किमान ३०,००० युरोचा प्रवास आरोग्य विमा लागतो, आणि पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा हवा. उन्हाळी सुट्टीत अर्ज भरण्यासाठी वेळ मिळणंच कठीण होतं, म्हणून मे महिन्याच्या सहलीचा अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत गेलेला बरा.

ब्रिटनचा भेट-व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच मागता येतो. त्याआधी नाही. निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत. अमेरिकेच्या भेट-व्हिसासाठी मुलाखतीची तारीख मिळायलाच अनेक महिने जाऊ शकतात. तिथे नातवाच्या बारशाला जायचं असेल तर डोहाळजेवणाच्या आधीच फॉर्म भरलेला बरा.

व्हिएतनामचा ई-व्हिसा काही कामकाजी दिवसांत येतो, पण त्यांच्या आणि आपल्या सुट्ट्या मध्ये येतात. दोन-तीन आठवडे हातात ठेवावेत. या व्हिसावर तारीख छापलेली असते. त्या तारखेच्या आदल्या दिवशी उतरलात तरी प्रवेश नाही.

केनियासारख्या देशाला जंगल सफारीसाठी जायचं असेल तर ईटीए निदान तीन दिवस आधी मागावी लागते. पण खरी मुदत वेगळीच असते. तिथून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र लागतं. ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं. ही लस प्रत्येक दवाखान्यात मिळत नाही, ठराविक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते. म्हणजे ईटीए आली तरी लस राहिली तर परत आल्यावर विमानतळावरच विलगीकरणात बसावं लागू शकतं.

थायलंडनं जुलै २०२४ पासून भारतीयांना ६० दिवसांपर्यंत बिनव्हिसा प्रवेश सुरू केला. मलेशियानं १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांसाठी, आणि ही सवलत २०२६ अखेरपर्यंत वाढवली. बिनव्हिसा म्हणजे बिनकागदाचा नव्हे. परतीचं तिकीट, राहण्याची जागा, पुरेसे पैसे हे विचारलं जाऊ शकतं. दोन्ही देशांचं डिजिटल आगमन पत्र पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. इथे महिनाभर आधीची घाई उपयोगाची नाही. सिंगापूरचं आगमन पत्रही तीन दिवस आधीचंच, पण सिंगापूरला व्हिसा मात्र वेगळा आणि आधी काढावा लागतो. ही आगमन पत्रं फुकट असतात. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर सावध व्हावं.

या सवलती त्या त्या देशाच्या मर्जीवर असतात आणि मध्येच बदलतात. तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं दोनदा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर बघावं.

हैदराबाद जवळ, पण चालेल का?

बीदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर. दवाखाना, बाजार, विमानतळ या सगळ्यासाठी आपली माणसं तिकडेच जातात. व्हिसाची अर्ज केंद्रंही हैदराबादला आहेत. पण काही देश अर्जदार कोणत्या राज्याचा रहिवासी आहे ते बघून शहर ठरवतात. कर्नाटकचा पत्ता असेल तर बेंगळुरू किंवा चेन्नई, महाराष्ट्राचा असेल तर मुंबई. म्हणजे भालकीचा भाऊ आणि उदगीरची बहीण एकाच सहलीला निघाले तरी त्यांना अर्ज वेगवेगळ्या शहरांत द्यावा लागू शकतो. काही देश मात्र भारतात कुठेही अर्ज घेतात. हैदराबादची गाडी पकडण्यापूर्वी ही एक ओळ केंद्राच्या संकेतस्थळावर वाचली तर एक फेरी आणि एक दिवसाची मजुरी वाचते.

दहावी नसलेल्यांसाठी वेगळी सूचना

दहावी न झालेल्या अनेकांच्या पासपोर्टवर 'ईसीआर' म्हणजे उत्प्रवास तपासणी आवश्यक असा शिक्का असतो. आखाती देश, मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया यांच्यासह १८ देशांत नोकरीसाठी जाताना अशांना सरकारची वेगळी मंजुरी लागते. सहलीसाठी जाताना ती लागत नाही, पण विमानतळावर प्रश्न विचारले जातात. परतीचं तिकीट, हॉटेलची नोंद, सोबतच्या नातेवाइकाचे कागद हाताशी ठेवावेत. वय पन्नाशीच्या पुढे असेल तर हा शिक्का काढून घेता येतो.

आणि एजंट जर म्हणाला, "आधी टूरिस्ट व्हिसावर चला, काम तिथे गेल्यावर लावून देतो," तर त्याच जागी थांबावं. पर्यटक व्हिसावर काम करणं बेकायदा आहे. सापडलं तर दंड, अटक आणि परतपाठवणी. अशा माणसाला मालकानं पगार दिला नाही तर दाद मागायलाही जागा राहत नाही.

परदेशातून येणाऱ्या नातवंडांचे कागद

उलट दिशेचीही एक गोष्ट. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या नातवंडांकडे तिथला पासपोर्ट असतो. आजी-आजोबांना भेटायला गावी येताना त्यांना भारताची परवानगी लागते. ओसीआय कार्ड असेल तर प्रश्न नाही. नसेल तर ई-व्हिसा. ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा पोचण्याच्या ३० दिवस आधीपासून आणि किमान चार दिवस आधी मागता येतो, एक किंवा पाच वर्षांचा १२० दिवस आधीपासून. आई-वडिलांकडे भारतीय पासपोर्ट आहे म्हणून बाळालाही तसंच येता येईल, असं समजून निघालेल्यांना तिकडच्या विमानतळावरच थांबवलं जातं. गावात जत्रा किंवा लग्न ठरलं की तारीख कळवतानाच नातवंडांच्या कागदांची आठवण करून द्यावी.

फसव्या संकेतस्थळांपासून जपून

गूगलवर देशाचं नाव आणि "व्हिसा" टाकलं की वर येणारी पहिली दोन-चार नावं जाहिराती असू शकतात. दिसायला सरकारीच, पण फी दुप्पट-तिप्पट. कधी अर्ज पुढे जातच नाही, आणि पासपोर्ट-आधारची प्रत भलत्याच्या हाती पडते. भारताच्या पासपोर्टचं अधिकृत संकेतस्थळ 'गव्ह डॉट इन'नं संपतं. परराष्ट्र मंत्रालयानं बनावट पासपोर्ट संकेतस्थळांबद्दल वेळोवेळी इशारे दिले आहेत. इतर देशांसाठी त्यांच्या दूतावासाच्या पानावरून पुढे जाणं सुरक्षित.

एजंटकडून अर्ज भरून घेण्यात गैर काही नाही. मात्र "पाठवा" बटण दाबण्याआधी पडद्यावर नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर हे तिन्ही पासपोर्ट हातात धरून एकेक अक्षर वाचून घ्यावं. इंग्रजी वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या नातीला सोबत न्यावं. चूक झाली तर फी परत मिळत नाही, अर्ज नव्यानं करावा लागतो.

उलटी मोजणी

दिवाळीची सहल धरली तर हिशेब साधारण असा मांडता येईल.

सहा ते आठ महिने आधी : घरातल्या सगळ्यांचे कागद एकत्र काढा. नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्मस्थळ यांचं एकच इंग्रजी रूप ठरवा. आधार आणि पॅन त्याप्रमाणे दुरुस्त करा.

पाच ते सहा महिने आधी : पासपोर्टचा नवा अर्ज किंवा नूतनीकरण. बीदर किंवा कलबुर्गीची तारीख घ्या. पडताळणीच्या दिवसांत घरी राहा.

तीन ते चार महिने आधी : पासपोर्ट हातात आल्यावर देश नक्की करा आणि व्हिसाचा अर्ज द्या. युरोप असेल तर याहून थोडं आधी, अमेरिका असेल तर बरंच आधी.

मंजुरी आल्यावर : पक्कं तिकीट. तोपर्यंत रद्द करता येणारं तिकीट आणि हॉटेल घ्यावं. तिकिटावर नाव पासपोर्टवरचंच, घरातलं लाडकं नाव नाही.

शेवटच्या तीन दिवसांत : आगमन पत्र. सगळ्या मंजुऱ्यांच्या छापील प्रती पिशवीत, कारण परक्या देशात उतरल्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

खटकचिंचोळीच्या त्या जोडप्याची दुबईची सहल या हिशेबानं दिवाळीत नाही झाली तर संक्रांतीला होईल. तिकिटाची ऑफर पुन्हा येते. पण विमानतळावरून आई-बाबांना माघारी घेऊन येताना मुलाचे पैसे तर जातातच, आणि पहिल्यांदाच घराबाहेर पडलेली ती दोन माणसं पुन्हा निघायला सहसा तयार होत नाहीत. म्हणून सहलीची पहिली चौकशी ट्रॅव्हल एजंटकडे करू नये. घरातल्या पत्र्याच्या पेटीतून शाळेचा जुना दाखला आधी बाहेर काढावा आणि त्यावर लिहिलेलं नाव वाचावं.